सुलूचा शिकाऊ डॉक्टर

सोनमोहर पडायला लागला की लोक मोबाईल काढून फोटो घेतात. मला कावीळ आठवते.

विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत ही झाडं कंपनीने लावलेली. आम्ही नवे कामगार होतो तेव्हा झाडं कमरेएवढी होती. आता ती तिसऱ्या मजल्याच्या वर गेलीत. एप्रिल सरत आला की सगळा रस्ता पिवळा होतो. स्कूटरच्या सीटवर पिवळं, रिक्षाच्या टपावर पिवळं. झाडूवाली सकाळी ढीग करते आणि तिची पाठ वळली की परत तेवढंच. शेजारचा परब त्या फुलांवरून चालत भाजीला निघतो आणि मागून त्याची बायको खिडकीतून बोलते, “अहो, कोथिंबीर बघून घ्या. काल सगळी काळी आणलीत.” परब वर न बघता हात उडवतो. मी माझ्या खिडकीत बसून हे बघतो आणि जळतो. ह्या वयात माणसाने कशावर जळावं, तर दुसऱ्याची बायको त्याला कोथिंबिरीवरून बोलते, ह्यावर. पण जळतो. खोटं कशाला सांगू.

सुलू होती तोवर मला कोणाचं काही नको होतं. परबाने फ्रीज घेतला, टीव्ही घेतला, पोराला परदेशी धाडलं, मला काही झालं नाही. ती गेली आणि माझी नजरच बिघडली. भाजीवाल्याकडे दोघं मिळून वांगी निवडताना दिसली तरी मी दुसऱ्या गाडीवर जातो.

पण खरा जळतो मी एकाच माणसावर. तो पोटाचा डॉक्टर आहे, ओंकार त्याचं नाव, वय पस्तिशीच्या आतलं. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात तो दोन वर्षं फेलोशिप करत होता, म्हणजे डॉक्टर होऊनसुद्धा त्याच्या वरचं शिकत होता. आता ते शिक्षण संपलं आणि तो आपल्या गावाकडे, लातूरला चालला. जाताना माझी एक वस्तू त्याच्यासोबत जाणार. आमची सुलू शेवटची मोठ्याने हसली ती त्याच्यासमोर. मी दाराबाहेर बसलो होतो. ती का हसली ते मला माहीत नाही. त्याला माहीत आहे.

गेल्या वर्षी हेच दिवस होते. घरात उजेडच पिवळा येतो, खिडकीबाहेरच्या झाडामुळे, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. आमची मुलगी संगीता मालाडला दिलेली आहे. ती आंबे घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, “आई, इकडे ये. डोळे बघू तुझे.” आंबे तसेच राहिले पिशवीत. मग आम्ही केलं काय, तर आमच्या लोकांत करतात ते. भांडुपला एक माणूस काविळीची माळ देतो. कसल्याशा झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची बारीक माळ, टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढते, कपाळावरून सरकत गळ्यात येते, असं सगळे सांगतात. सुलूची माळ वाढली. झकास वाढली, गळ्यात आली, छातीपर्यंत लोंबली. सुलू मात्र होती त्याहून पिवळी झाली. संगीता दुसऱ्यांदा आली ती भांडायलाच आली. माळ तिने आईच्या गळ्यातून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बाबा, ही तुम्ही घाला. आईला मी डॉक्टरकडे नेते.”

मुलुंडच्या त्या ओपीडीत आधी शिकाऊ डॉक्टर सगळं विचारून घेतो, मग मोठ्या मॅडम बघतात. तशी तिथली पद्धत. ओंकार खुर्ची पुढे ओढून बसला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“बोला मावशी. काय काय होतंय?”

सुलू माझ्याकडे बघून गप्प. बायका नवऱ्यासमोर असलं बोलत नाहीत, निदान आमच्या वयाच्या तरी. त्याला ते कळलं असावं. त्याने आवाज खाली आणला आणि एकेक विचारायला लागला. लघवीचा रंग कसा, संडासचा कसा, खाज कुठे, दुखतं ते पाठीत जातं का. आणि ती बोलायला लागली. पाटा धुवावा तशी सगळं धुऊन काढून त्याच्यापुढे ठेवत होती. मी बाजूला, बसमध्ये चुकून शेजारी बसलेला माणूस असतो तसा.

“जेवण कधीपासून कमी झालंय?”

“दिवाळीपासून.”

मी म्हटलं, “काय सांगतेस? मला बोलली नाहीस ती.”

“तुम्ही कधी विचारलात?” ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं.

आता घरात माणूस जेवला का हे विचारतं कोण? जेवलेलाच असतो. आमच्यात आधी मी जेवणार, पान खाऊन गॅलरीत बसणार, मग ती आत जेवणार. चाळीसएक वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना नीट बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. आणि हा पोरगा पहिल्याच दिवशी विचारतो, “मावशी, तुम्हाला खायला काय आवडतं?” औषधापुरतंच विचारत होता. ती म्हणाली, “खरवड.”

भाताच्या टोपाला तळाशी लागलेली, करपत आलेली खरवड. त्या लातूरवाल्याला कळलं नाही, तिने हात फिरवून टोप खरवडून दाखवला. मला वाटायचं ती उरते म्हणून खाते. तिला आवडते हे मला एका परक्या पोराच्या कागदावरून कळलं, तेही तो लिहीत असताना. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल जे बसलं ते अजून उठलेलं नाही.

स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली. त्या गाठीने पित्ताची नळी दाबलेली, म्हणून ती पिवळी. ऑपरेशन होण्यातलं नव्हतं. मॅडमनी हे संगीताला सांगितलं, संगीताने मला, आणि सुलूला कोणी सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवसांतली खाज मला अजून आठवते. साधी नव्हे. पित्त अंगात भिनलं की आतून खाज सुटते, तिला थांबा नाही. त्यात मेचा घाम. सुलूने फणीने खाजवलं, बांगड्यांनी खाजवलं, चौकटीवर पाठ घासली. मग मला हाक मारली. मी सगळं आयुष्य लेथवर काढलेलं, तळवे कानशीसारखे. तिच्या पाठीवर हात फिरवायला लागलो तसे तिने डोळे मिटले. “तुमच्या हातान बरा वाटता,” म्हणाली. मालवणी बोलली म्हणजे खरंच बरं वाटत असणार. त्या दिवसांत दुपारच्या दुपारी मी तिच्यामागे बसून असायचो. खाली पोरं पिवळी फुलं एकमेकांवर उधळत असायची, वर पंखा, आणि माझे हात. सांगू नये, पण सांगतो. ते दिवस मला वाईट गेले नाहीत. एरवी ह्याच हातांची ती तक्रार करायची, साडीचे धागे निघतात म्हणून. म्हातारपणी त्यांना काम मिळालं.

तेही त्याने काढून घेतलं. नळी टाकली, पित्त उतरलं, आठवडाभरात खाज गेली. सगळे म्हणाले, किती छान. मीही म्हणालो. हात मांडीवर ठेवून बसलो.

नळी टाकायची ती गोष्ट सोपी नाही. तोंडातून दुर्बीण आत घालतात, ती जठर ओलांडून पुढे आतड्यात जाते, तिथे पित्ताच्या नळीचं तोंड असतं, टाचणीच्या डोक्याएवढं. त्या तोंडात तार शिरवायची आणि तारेवरून प्लास्टिकची नळी सरकवायची. चुकलं तर स्वादुपिंड सुजतं, माणूस जातोसुद्धा. हेच ओंकार शिकत होता. सुलूने त्याला एकदा वॉर्डात नीट विचारून घेतलं.

“म्हणजे तू अजून डॉक्टर नाहीस?”

“आहे की मावशी. आधी साधा डॉक्टर झालो, मग औषधांचा मोठा, मग पोटाचा. आता पोटातल्या नळ्यांचं शिकतोय.”

“आणि लग्न?”

“नळ्या झाल्या की.”

“तोवर पोरगी थांबेल?”

“ती पण शिकतेय. डोळ्यांचं.”

“म्हणजे दोघांचं मिळून एक माणूस पण अजून पुरा शिकून झाला नाय.”

आजूबाजूच्या खाटा हसल्या. ओंकार कानापर्यंत लाल झाला. मला आठवलं, आमच्या लग्नाच्या नव्या दिवसांत ती मला अशी टोचून बोलायची. मग कधी बंद झालं कोण जाणे. तिच्याकडे ते शिल्लक होतं तर.

मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. “नळी डॉक्टर ओंकार टाकतील. मी पाठीशी उभी असणार. हात त्यांचा, नजर माझी.”

“हात पण तुमचाच ठेवा ना मॅडम,” मी म्हटलं.

मी काही अडाणीपणा करत नव्हतो. मी स्वतः चौथीनंतर शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली उभा राहिलेला माणूस. शिकाऊ पोराने पहिले जॉब बिघडवायचेच असतात. बिघडलेला जॉब भंगाराच्या पेटीत जातो, उस्ताद शिवी देतो आणि दुसरा तुकडा देतो. इथे दुसरा तुकडा कुठून आणणार होतो?

सुलू म्हणाली, “त्याला करू दे. शिकणार कधी तो?”

ती कितीतरी वर्षं खानावळीत पोळ्या लाटायला जायची. मला म्हणाली, “नव्या पोरीच्या पयल्या पोळ्या कोणीतरी खातोच ना? मी खाल्ल्यात. मेले नाय.”

मोठ्या मॅडम हसल्या. मी नाही हसलो. एकदा सुट्टीच्या दिवशी मी कोलंबीचं कालवण करतो म्हटलं होतं, तर ह्याच बाईने मला स्वयंपाकघरातून हाकललं होतं, मसाला फुकट घालवाल म्हणून. आणि ह्या पोराला स्वतःचं पोट दिलं शिकायला.

ते झाल्यावर तो बाहेर आला. टोपी घामाने भिजलेली, अंगावर एक्स-रेपासून वाचायचा जड कोट तसाच. माझ्यासमोर मोबाईल धरला. “काका, हे बघा, पित्त सुरू झालं. मॅडमनी एकदाच हात लावला.”

मी बघितलं. गुलाबी, ओलं, दिव्याखाली चमकणारं काहीतरी, आणि त्यातून काळपट हिरवं भसाभसा येत होतं. हे सुलूचं होतं. जिच्याबरोबर मी म्हातारा झालो तिचं. मी ते कधी बघितलेलं नव्हतं, बघायची माझी लायकीही नव्हती, आणि हा तिथवर फिरून आला होता. वर आनंदाने सांगत होता. तो आनंद मी ओळखतो. पहिला जॉब मापाच्या गेजमध्ये अलगद बसला की पोराच्या तोंडावर असतो तोच. मॅडमनी मागून येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली. मला त्या थापेचाही हेवा वाटला. त्याने काम केलं, त्याला थाप. मी बाकावर बसून होतो. बसण्याची थाप कोण देतं?

हॉस्पिटलातल्या सकाळी मला सगळ्यात जड जायच्या. राऊंडची वेळ झाली की सुलू उठून बसायची. “फणी द्या.” केस विंचरायची, होते तेवढे. “पिशवीतली टिकली द्या.” टिकली लावायची, मोठी, मरून. मग पदर सारखा करून दाराकडे बघत बसायची. तो आला की, “काय म्हणता मावशी, आज फ्रेश दिसता,” एवढंच बोलायचा आणि नाडी बघून पुढच्या खाटेकडे जायचा. तेवढ्यासाठी हे सगळं. नोकरीच्या दिवसांत मी संध्याकाळी कामावरून यायचो तेव्हा ती पदराला हात पुसत दार उघडायची, केस कसेही. मला ते आवडायचं. मला वाटायचं, माझ्यासमोर तिला नटायची गरज नाही, म्हणजे मी जवळचा. मग हॉस्पिटलात बसून मी उलटं धरून बघायचो. जवळच्यासाठी कोणी टिकली लावत नसेल, तर जवळचा असून मिळालं काय?

एकदा बोललो मी. “त्याच्यासाठी बरी नटतेस.”

“गप बसा,” ती म्हणाली. “पोरग्याक वाटूक नको, आपण केला ता फुकट गेला.”

मधे घरी सोडलं होतं. आंबे उतरणीला लागलेले, उकाडा असा की भिंतीला टेकवत नव्हतं. आमच्या गावच्या पद्धतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. नारळ देवापुढे ठेवायचा, घरातल्या मोठ्या पुरुषाने उभं राहून देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. बाकीचे म्हणजे खाटेवर पडलेली सुलू आणि दारात संगीता.

मी सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, तुझ्या पायाकडचा लेकरू आजारी पडलासा.”

“व्हय म्हाराजा,” सुलू म्हणाली. स्वतःच्याच गाऱ्हाण्याला स्वतःच होकार देत होती.

“काय चुकला-माकला असात तर पदरात घे, नि हिका बरी कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मी नारळ उचलला. तर ती म्हणाली, “थांबा. तेच्या परीक्षेचा पण घाला.”

“कोणाच्या?”

“ओंकारच्या. वर्षभरान आसा. पण आत्ताच घाला.”

संगीता दारात तोंडावर ओढणी धरून उभी. मी म्हटलं, “देवाजवळ एका वेळी एकच मागतात.”

“कोणी सांगल्यान? तुम्ही मागच्या खेपेक पाऊस, बोनस नि संगीचा लगीन एकदमच मागितलास.”

हे खरं होतं. मग मी घातलं. “एक शिकाऊ डाक्टर परीक्षेक बसतासा, तेका यश दी रे म्हाराजा.” तिचं मी छातीतून घातलं होतं, त्याचं ओठातून घातलं. देवाने ऐकलं त्याचंच. त्याचं यश आलं, तिचं बरं होणं राहिलं. गावच्या देवाशी माझं बोलणं तेव्हापासून कमी आहे. मोठ्याने मागितलेलं त्याला ऐकू येत नाही आणि पुटपुटलेलं येतं, तर असल्या देवापुढे उभं राहून करायचं काय?

नळी परत तुंबली. प्लास्टिकची नळी तुंबतेच, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. थंडी वाजून ताप आला, डोळे परत पिवळे. परत मुलुंड, परत तोच लोखंडी बाक, संगीता आणि मी. सुलूला आत नेलं. दार पुरतं लागत नाही ते. फट राहते, तिच्यातून थंड हवा येते आणि बोलणं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. ओंकारचा आवाज, मग तिचा, मग परत त्याचा. आणि मग ती हसली.

अशी हसली की बाकावरचे बाकीचे लोकसुद्धा दाराकडे बघायला लागले. पोट धरून हसतात तसं. तापाने फणफणलेली बाई, नळी बदलायला टेबलावर पडलेली, आणि हसतेय. संगीताने माझ्याकडे बघितलं. “आई आहे ना ती?” मी म्हटलं, “आईच.” संगीताच्या लहानपणी तसं हसणं आमच्या घरात होतं. भिंतीपलीकडून परबाची बायको विचारायची, काय झालं गं सुले. मग आवाज थांबले, गुंगीचं इंजेक्शन दिलं असणार.

संध्याकाळी ती जागी झाल्यावर मी विचारलं, “काय गो, आत कसली हसत होतीस?”

ती परत हसली, पण आतल्या आत, ओठ मिटून. “तुमका नाय कळाचा,” म्हणाली आणि कूस वळली.

म्हटलं उद्या विचारू. उद्याला ताप मेंदूत चढला, आयसीयूच्या काचेपलीकडे गेली, आणि पाऊस लागायच्या आधी संपलं. ओंकार त्या दिवशी ड्युटीवर नव्हता. त्याने नंतर संगीताच्या फोनवर दोन ओळी पाठवल्या. दोन्ही ओळी इंग्रजीत. मी वाचून घेतल्या नाहीत.

वर्षभर मी त्या हसण्याच्या मागे आहे. भात करताना टोपाला मुद्दाम लागू देतो, खरवड काढतो, खातो. कडू लागते. ही काय आवडायची वस्तू आहे? पण मला निदान तिची चव तरी मिळते. हसण्याचं तसं नाही. ते एकाच माणसाकडे आहे आणि मागायला तोंड उघडत नाही. काय म्हणू त्याला? माझी बायको तुझ्याशी काय बोलून हसली ते मला दे? नव्या लग्नाच्या पोरासारखं दिसतं ते. मी दोनदा त्या हॉस्पिटलात गेलो, माझ्या ॲसिडिटीसाठी. ॲसिडिटी खरी आहे. पण ती विक्रोळीतल्या डॉक्टरकडेही बरी होते. दोन्ही वेळा ओंकारने पोट दाबून बघितलं, तिखट कमी करा म्हणाला, मी मान हलवून परत आलो.

ह्या वर्षी झाडं परत पिवळी झाली आणि गोळ्या संपल्या. गेलो. बाहेर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, आज ओंकार सरच आहेत, पण हे शेवटचे दिवस. पास झाले ना. पुढच्या महिन्यात नवे फेलो येणार.” म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

तो बसला होता. टेबलाखाली पुस्तकांचं खोकं बांधून तयार.

“या काका. ॲसिडिटी काय म्हणते?”

“तिचं चाललंय. तू पास झालास म्हणे.”

“झालो एकदाचा.”

“मग संपलं शिकून?”

“संपत नाही हो. पण आता थांबतो. घरचे म्हणतात, ह्याची शाळा सुटणार कधी?”

मी बसलो आणि सरळ विचारलं. वळणं घ्यायला मला येत नाही. “माझी बायको आठवते तुला? गेल्या वर्षी ह्याच दिवसांत. कावीळ. तू नळी टाकलीस.”

त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि मग त्याचा चेहरा खुलला. “मावशी? आठवतात म्हणजे काय. असा पेशंट विसरतो का कोणी?”

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, आता देतोय.

“टेबलावर झोपल्या की ओव्या म्हणायच्या,” तो म्हणाला. “जात्यावरच्या. सिस्टर इंजेक्शन हातात घेऊन थांबायच्या, ओवी पुरी होऊ दे म्हणून. माझी आजी अशाच म्हणायची. मी मास्क वर ओढून घ्यायचो, डोळ्यातलं दिसू नये म्हणून.”

सुलूने जन्मात ओवी म्हटली नाही. गणपतीच्या आरतीलासुद्धा ती नुसती टाळ्या वाजवायची, म्हणायची माझा गळा कावळ्याचा.

मी विचारलं, “आणि हसायची?”

“हसायच्या कशा? ऐकून रडू यायचं आम्हाला.” त्याने चष्मा काढून पुसला. “शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, आमच्या मालकांना कोणी नाही, त्यांनी माझ्यामागे जेवण सोडू नये, एवढं त्यांना सांगा. मी सांगायचं राहूनच गेलं, काका. बरं झालं तुम्ही आलात. फार जीव होता त्यांचा तुमच्यावर.”

मालक. आमच्याकडे कोणी नवऱ्याला मालक म्हणत नाही. तो देशावरचा शब्द. कोणी दुसरीच बाई होती ती. दुसऱ्याच कोणाची.

तोंड उघडलं होतं मी. एक शब्द पुरला असता, ती नव्हे म्हणून. मग त्याने नाव विचारलं असतं, कॉम्प्युटरवर काढलं असतं, केवढी गाठ, कुठली नळी, कितव्यांदा बदलली, आणि ओळख नसलेल्या माणसाला हसावं तसा हसून म्हणाला असता, हां हां, आठवलं. ते मला बघायचं नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. ह्याने तिचं पोट घेतलं, तिची टिकली घेतली, गाऱ्हाण्यातला वाटा घेतला, आणि तिला लक्षात ठेवलंसुद्धा नाही. मग आता मी कशाला आठवण करून देऊ?

“हो,” मी म्हटलं. “तीच.”

त्याने उठून माझ्या पायाला हात लावला. मी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघालो.

बसस्टॉपपर्यंत मी अगदी ताठ चाललो. जिंकल्यासारखं वाटत होतं. ती का हसली ते आता जगात कोणाला माहीत नाही, पण ती हसली हे संगीता आणि मी सोडून कोणाकडे नाही. लातूरला चाललीय ती ओव्यांवाली. आमची सुलू कुठे जात नाही. एवढ्या वर्षांत मी लेथवर किती शाफ्ट फिरवले, मला तरी त्यातला कुठला आठवतो? त्याच्यावर रागवायचं कारणही उरलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी ओंकारवर जळत नव्हतो.

बस येईना. उन्हात उभा राहिलो तसा तो दुसरा माणूस माझ्या डोक्यात शिरला. ओव्यांवालीचा मालक. घाटकोपरला असेल, कांजूरला असेल, कुठल्यातरी खोलीत एकटा पंख्याखाली बसला असेल. त्याची बाई डॉक्टरच्या लक्षात राहिली. तिने मरताना त्याच्या जेवणाची काळजी केली, परक्याचा हात धरून केली. माझीने मला काय सांगितलं, तर तुमका नाय कळाचा. मला त्या माणसाचा असा हेवा वाटला की बस आली आणि पुढे गेली तरी मी उभाच.

त्याचा निरोप माझ्याकडे आहे. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि ज्याच्याकडे होता त्या ओंकारला वाटतंय, पोचला. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही. परत आत जाऊन विचारता आलं असतं, ओंकार तासभर तरी तिथेच होता. मी पुढच्या बसने घरी आलो. भात लावला आणि पोटभर जेवलो.